तिसऱ्या दिवसाची कुदळ

कुमुदताई,

तुम्हाला शेवटचा निरोप देऊन आज सहा दिवस झाले. त्यातले दोन दिवस मी तुमच्या घरी, तुमच्याच सोफ्यावर, हातावर हात ठेवून बसून काढले. मीनल मेडनहेडहून नॉटिंगहॅमला घर आवरायला आली आहे. ती एकटी कपाटं उपसत होती आणि मदतीला म्हणून गेलेली मी बिस्किटं खात होते. "मावशी, प्लीज, तुम्ही जस्ट बसा. मी करते ना," एवढंच तुमची मुलगी म्हणायची. चहाचा रिकामा कपसुद्धा तिने मला विसळू दिला नाही. तिसऱ्या दिवशी काय झालं ते सांगायलाच खरं तर लिहायला बसले आहे. पण तुमच्याशी बोलताना मी कधी थेट मुद्द्यावर आलेय? आले की तुम्ही स्वाहिलीत म्हणायचात, "हराका हराका, हाइना बराका." घाईला बरकत नाही. तेव्हा घाई करत नाही.

आपली ओळख झाली तेव्हा तुम्ही पेशंट होता आणि मी तुमची परीक्षा घेणार होते. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. हे काम नक्की काय असतं ते पुण्यातल्या माझ्या भावाला वीस वर्षांत कळलेलं नाही. सोपं करून सांगायचं तर, म्हाताऱ्या माणसाला हॉस्पिटलमधून घरी सोडण्याआधी त्याला रोजची कामं जमतात का ते मी बघते. वॉर्डाशेजारी आमचं एक छोटं स्वयंपाकघर आहे. तिथे पेशंटला उभं करायचं आणि म्हणायचं, चहा करून दाखवा. तुमच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. वॉकर बाजूला सारून तुम्ही ओट्याला टेकून उभ्या राहिलात, सगळे डबे उघडून पाहिलेत, माझ्या बॅजवरचं नाव वाचलंत आणि चक्क मराठीत म्हणालात, "आलं नाही, वेलदोडा नाही. ही कसली परीक्षा घेतेस गं?"

चहा झाला. तुम्ही दोन कप भरलेत आणि एक माझ्यापुढे सरकवलात. "मला गरम किटली उचलता येते, ते तू लिहिलंस. आता पी. माझ्या हातचा चहा तुला आवडतो का, ते मी लिहिते." बावीस वर्षांच्या नोकरीत पेशंटने केलेला चहा मी प्यायले ती तेवढी एकच वेळ.

पुढे इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी फराळाला तुम्ही पुन्हा भेटलात, तेव्हा काठीसुद्धा सुटली होती. साडीवर कमरेला एक झगझगीत पिवळं कापड गुंडाळून तुम्ही चिवडा वाढत होता. कापडाच्या खालच्या काठाशी इंग्रजी अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं, पण इंग्रजी नव्हतं ते. मी विचारलं. तुम्ही हातातलं ताट खाली ठेवलंत आणि मला कांगा म्हणजे काय ते पहिल्यांदा समजावलंत. तुमचा जन्म टांगाचा. टांझानियाच्या किनाऱ्यावरचं गाव, तिथल्या सरकारी कचेरीत तुमचे वडील कारकून. तिकडच्या बायका हे कापड कमरेला, डोक्याला, पोरांना पाठीशी बांधायला वापरतात, आणि प्रत्येक कापडावर एक म्हण असते. बायका रंग नंतर बघतात, आधी म्हण वाचतात. शेजारणीशी भांडण झालं की तोंड उघडायचंच नाही. हवी ती म्हण नेसायची आणि तिच्या दारावरून दोनदा जायचं.

"फार सोयीचं, डक," तुम्ही म्हणालात. नॉटिंगहॅमच्या बायकांसारखं तुम्ही सगळ्यांनाच लाडाने डक म्हणायचात, भटजींनासुद्धा. "आपल्याकडे टोमणा मारला की कोणी मारला ते कळतं. कांग्याला काय विचारणार?"

तुमच्या कपाटात बत्तीस कांगे होते. तुमच्याकडे आले की दारातच मी कमरेकडे बघायचे. 'हसीरा हसारा' असला, म्हणजे रागात नुकसान, तर ओळखायचं की मीनलशी फोनवर वाजलंय आणि ताई स्वतःलाच समजावत आहेत. 'कुउलिझा सि उजिंगा', विचारणं म्हणजे अडाणीपणा नव्हे, हा तुम्ही डॉक्टरांकडे जाताना पर्समध्ये घडी करून न्यायचात. मला तेव्हा हसू यायचं. आता वाटतं, एवढी हिंमत माझ्या अर्ध्या पेशंट्समध्ये असती तर माझं काम निम्मं झालं असतं.

आणि आपला तो खेळ. तुम्ही स्वाहिली म्हण टाकायची, मी तिला मराठी जोड द्यायची. तुम्ही म्हणालात, "हबा ना हबा, हुजाझा किबाबा." थोडं थोडं करत मापटं भरतं. मी लगेच म्हटलं, सोपं आहे, थेंबे थेंबे तळे साचे. तुम्ही मान हलवलीत. "तुझं तळं कोणी भरलेलं पाहिलंय? मापटं स्वयंपाकघरात असतं. भरलं की दिसतं, संपलं की दिसतं." मला असा राग आला होता! माझ्या आजीची म्हण तुम्ही दोन वाक्यांत मोडीत काढलीत. बसमध्ये घरी जाताना मात्र मी मापट्याचाच विचार करत होते.

मी तुमचं कौतुक करते म्हणून तुम्ही नेहमी वैतागायचात. पण आता मला अडवायला तुम्ही नाही, तेव्हा बोलून घेते. मोज्यांच्या कारखान्यात तुम्ही तेवीस वर्षं मोज्यांची बोटांकडची टोकं शिवलीत. बाजारात कुठेही मोजे दिसले की उलटे करून आतली शिवण बघायचात, आणि दुकानदार बघत असला तरी लाजायचा नाहीत. "उकिओना व्याएलेआ, विमेउंद्वा," तुम्ही सांगायचात. पाण्यावर होडी तरंगताना दिसली, तर समज की कोणीतरी ती बांधली आहे. मीनलला चांगली नोकरी लागली तेव्हा सगळे म्हणाले, नशीब काढलं पोरीने. तुम्ही हसलात. त्या पोरीला शाळेत सोडून सकाळच्या पाळीला धावणारी बाई मला त्या हसण्यात दिसली. मी तसं म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

आता त्या टेबलक्लॉथचं. तुम्हाला आठवलं तर आत्ताही हसाल.

माझ्या वाढदिवसाला तुम्ही मला हिरवा कांगा दिलात. त्यावर मोठमोठ्या कोयऱ्या होत्या. अर्थ विचारला तर म्हणालात, लागेल तेव्हा कळेल. तेवढ्यात सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या. मी कौतुकाने तो कांगा जेवणाच्या टेबलावर अंथरला आणि तुम्हाला जेवायला बोलावलं. तुम्ही खुर्ची ओढलीत, टेबलाकडे बघितलंत आणि हसत सुटलात. आमटीचा ठसका लागला, पाणी द्यावं लागलं, तरी थांबेना.

सासूबाईंनी विचारलं, "काय लिहिलंय हो त्यावर?"

मी टेबलाखालून पाय मारत होते. तुम्ही खोटं कसलं बोलताय! "म्गेनी सिकु म्बिली, या तातु म्पे जेंबे," तुम्ही वाचून दाखवलंत. "पाहुणा दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या."

सासूबाईंना येऊन तेरा दिवस झाले होते. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "आपल्याकडेही आहे ती म्हण," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. वृंदा, तिकिटाची तारीख बदलून मिळते का गं?"

भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. तुम्ही मात्र ताट बाजूला सारून त्यांच्याकडे वळलात. "नाही हो, ती म्हण वेगळी. तुमच्या म्हणीत पाहुण्याला घालवायचंय. आमच्या म्हणीत ठेवायचंय. ज्याला घालवायचंय त्याच्या हातात कोणी कुदळ देईल का? दोन दिवस तुम्ही परक्या. तिसऱ्या दिवशी तुम्ही घरच्या. घरच्या माणसाला काम असतं." मग माझ्याकडे बघून म्हणालात, "तेरा दिवस यांना नुसतं खिडकीत बसवलंयस तू?"

बसवलंच होतं. मला वाटायचं, सून म्हणून मी त्यांचं केवढं करते! दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दारात हजर. हातात कुदळ. तीच, जिचं पातं तुम्ही टांगाच्या बाजारातून साड्यांमध्ये गुंडाळून आणलं होतं आणि दांडा इथे बसवून घेतला होता. कौन्सिलकडून मिळालेल्या तुमच्या त्या जमिनीच्या तुकड्यावर, आपल्या अलॉटमेंटवर, तुम्ही सासूबाईंना घेऊन गेलात. त्यांना कुदळ जड झाली. मग त्यांनी खुरपं मागितलं. त्यानंतर उरलेले अडीच महिने आमच्या खिडकीत कोणी बसलं नाही. मेथी, कोथिंबीर, वाटाणा, आणि शेजारच्या तुकड्यावरच्या इंग्रज आजोबांशी गोगलगायींवरून मराठीत वाद. निघताना सासूबाई विमानतळावर रडल्या. "माझ्या घेवड्याला काठ्या लावायला विसरू नकोस," असं मला तीनदा बजावलं. मुलाची काळजी घे, असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

एकदा त्याच अलॉटमेंटवर, पालापाचोळा गोळा करताना, मी सहज म्हटलं की स्वाहिली लोक किती शहाणे. तुम्ही पाचोळ्याची टोपली खाली ठेवलीत. मग टांगाच्या घराबद्दल बोललात. शेजारच्या बी झुहुराने तुम्हाला या म्हणी शिकवल्या, तिच्या ओसरीवर बसून. ती मात्र तुमच्या आईच्या स्वयंपाकघरात कधी आली नाही, कारण तिला कोणी येऊ दिलं नाही. "आम्ही तिथे तीन पिढ्या पाहुणेच राहिलो, वृंदा. कुदळ दुसऱ्याच्या हातात दिली आणि सावलीत बसलो. मग एक दिवस निघायची वेळ आली, तर निरोप द्यायलासुद्धा बी झुहुरा एकटीच आली." तुम्ही निघताना तिने दिलेला कांगा तो हिरवा कोयऱ्यांचाच. म्हणजे त्यातला अर्धा. कांगा जोडीने छापलेला येतो, मधून कापायचा आणि कडा शिवायच्या. एक तुकडा तिने ठेवला होता, एक तुम्हाला दिला. तो तुम्ही मला दिलात आणि मी त्यावर आमटी सांडली. आणि तुम्ही हसलात.

आता जे लिहायचं टाळत होते ते.

या वर्षी तुमची कॅन्सरची ट्रीटमेंट सुरू झाली. मीनलला नोकरी सोडून इथे येता येईना, तेव्हा मी म्हटलं, माझ्याकडेच राहा. मी पुढच्या खोलीत तुमचा पलंग मांडला, हाताशी घंटी ठेवली. दोन दिवस तुम्ही निमूट पडून राहिलात. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आले तर तुम्ही उभ्या. कपाटातून हिरवा कांगा शोधून कमरेला बांधलेला, हातात बटाटा आणि सोलणं. मी ते हातातून काढून घेतलं. "ताई, आराम."

मग रोज तेच. तुम्ही म्हणायचात, लसूण तरी सोलते. मी सोललेला लसूण आणला. तुम्ही म्हणालात, मेथी निवडायला दे, बसल्या जागी होईल. मी दुसऱ्याच दिवशी फ्रोझन मेथी आणली. मुद्दाम आणली, ताई. तुम्ही फ्रीझर उघडून ते पाकीट पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि खोलीत निघून गेलात.

त्या संध्याकाळी आपलं भांडण झालं. तुम्ही म्हणालात, "हॉस्पिटलमध्ये तू परक्या माणसांकडून चहा करून घेतेस. त्याचा पगार घेतेस. मग मला का नाही?"

"ते पेशंट आहेत," मी म्हटलं. "तुम्ही माझ्या आहात."

"मग माझा तिसरा दिवस कधी यायचा?"

खरं सांगू? तुमचे हात थरथरताना मला बघवत नव्हते. बटाटा हातातून पडला असता तर मला कळलं असतं, तुमचं किती उरलंय ते. ते मोजण्याचंच मी काम करते. तुमच्याबाबतीत मला मोजायचं नव्हतं. माझी भीती मी तुमच्यावर पांघरूण म्हणून घातली आणि त्याला सेवा म्हटलं.

पाच आठवड्यांनी ट्रीटमेंट संपली आणि मीनल तुम्हाला मेडनहेडला घेऊन गेली. दारात तुम्ही माझ्या गालावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "पाहुणचार फार छान केलास हो." म्हणजे पाच आठवडे मी तुम्हाला पाहुणीच ठेवलं. फोनवर रोज ठरवायचे, आज माफी मागायची. आणि विचारायचे काय, तर गोळ्या घेतल्या का. महिनाभरात तुम्ही गेलात.

तेव्हा बघा, तुमच्या सोफ्यावर मी दोन दिवस बसले ते या मनाने. समोर मीनल तुमच्या साड्यांच्या घड्या चुकीच्या घालत होती आणि मला उठू देत नव्हती. पहिल्या दिवशी मला वाटलं, इंग्लंडमध्ये वाढलेली पोर, मॅनर्स पाळतेय. दुसऱ्या दिवशी दुपारी मी रडकुंडीला आले. दुःखात हात रिकामे असले की काय होतं ते मी पुस्तकात वाचलं होतं, विद्यार्थ्यांना शिकवलंही होतं. दोन दिवसांत माझं हे झालं. तुम्ही पाच आठवडे काढलेत.

काल, तिसऱ्या दिवशी, मी जाणारच नव्हते. शेवटी दहा वाजता गेले. मीनल दारातच उभी होती. हातात तुमची कुदळ.

"मावशी, शूज काढू नका. आत यायचं नाही."

"म्हणजे?"

"आईने प्रॉमिस घेतला होता." ती कुदळ माझ्यापुढे धरून हसत होती. "आई म्हणाली, वृंदा हेल्प करायला येईल. टू डेज तिला काही करू द्यायचं नाही. नथिंग. चहापण नाही. ती खूप चिडेल, पण तू ऐकू नको. अँड देन थर्ड डेला तिला हे द्यायचं. मला इतका गिल्टी वाटत होतं, मावशी! तुम्ही काल रडत होता, मी किचनमध्ये जाऊन रडले."

मी कुदळ हातात घेतली. दांडा तुमच्या मुठीच्या जागी गुळगुळीत झालेला आहे. दारातच मला रडू फुटलं, आणि रडता रडता हसू. मरायला टेकलेल्या बाईने एवढा बेत रचावा! शिक्षाही दिलीत, माफही केलंत, आणि घरचीही करून घेतलंत, तेही पोरीच्या हातून. तुमचा तिसरा दिवस मी येऊ दिला नाही. माझा मात्र तुम्ही राखून ठेवलात.

आम्ही दोघी अलॉटमेंटवर गेलो. गुडघाभर तण माजलं आहे, सांगितलेलं बरं. शेजारचे आजोबा टोपी काढून कुंपणापाशी आले आणि तुमच्याबद्दल चार वाक्यं बोलले, मग गोगलगायींबद्दल वीस. मीनलने जन्मात पहिल्यांदा कुदळ धरली, तीही उलटी. तिला मी दाखवलं. दुपारपर्यंत एक वाफा झाला. माझ्या तळहाताला फोड आले आहेत, लिहिताना पेन टोचतंय.

येताना वाटेवरच्या दुकानातून मेथीची ताजी जुडी घेतली, मातीसकट. संध्याकाळी मीनल जेवायला आली. माझ्याकडे जेवायला ती पहिल्यांदाच बसत होती. टेबलावर तुमचा हिरवा कांगा अंथरला होता, आमटीच्या डागासह. ती पाहुण्यासारखी खुर्चीच्या टोकावर बसली. म्हणाली, "मावशी, कॅन आय हेल्प?" आणि उत्तर 'नको, बस' असंच येणार म्हणून हात मांडीवर ठेवून राहिली.

मी जुडी तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, निवड.

तिसऱ्या दिवसाची वाट पाहिली नाही. घाई केली, ताई. या एका घाईला बरकत असू द्या.